मंगल कार्यालयात इलेक्ट्रॉनिक लाइव्ह सेट

खानदेशात ‘डीजे’ म्हटलं की डोळ्यांसमोर ट्रकवर रचलेली बेसची भिंत उभी राहते. त्यामुळे जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही पन्नास-साठ माणसांसमोर इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवायचं असेल तर साउंडवाल्याला फोनवर ‘डीजेचा प्रोग्राम आहे’ असं सांगू नका. तो चार बेस घेऊन येईल आणि भाडंही तसंच लावेल. ‘दोन टॉप, एक १८ इंची बेस, एक छोटा मॉनिटर, मिक्सर’ एवढंच सांगा. साठ माणसांच्या हॉलला ते पुरून उरतं.

लाइव्ह सेट म्हणजे तयार गाणी एकामागून एक लावणं नव्हे. ठेका, बेस, सूर, आवाजांचे तुकडे यंत्रात भरलेले असतात. त्यातला कोणता कधी येणार, किती उघडणार आणि कुठे तुटणार, हे जागेवर हाताने ठरतं. खानदेशाला हे नवं नाही. वरातीतला ऑक्टापॅडवाला आणि बँजोला इको लावून वाजवणारा, हे दोघं लाइव्ह इलेक्ट्रॉनिक वादकच आहेत, फक्त त्यांना तसं कुणी म्हणत नाही. उन्हात, धुळीत, जनरेटरवर, चालत्या गाडीवर यंत्र कसं चालू ठेवायचं हे त्यांना जेवढं कळतं तेवढं इंटरनेटवरच्या व्हिडिओवाल्यांना कळत नाही. सामान घेण्याआधी ओळखीच्या पॅडवाल्याजवळ तासभर बसा.

सामान किती

कमीत कमी. पहिल्या सेटला लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपचा आवाज मिक्सरकडे नेणारी डबी) आणि आठ नॉबचा मिडी कंट्रोलर (यंत्रांना हुकूम पाठवणारा नॉबचा पट्टा) पुरे. लॅपटॉप नको असेल तर ठेका आणि सूर दोन्ही सांभाळणारा एक ग्रूव्हबॉक्स घ्या. इंटरफेस किंवा कंट्रोलरबरोबर एबलटन लाइव्ह या संगीताच्या सॉफ्टवेअरची ‘लाइट’ आवृत्ती पुष्कळदा फुकट मिळते. तिच्यात ८ ट्रॅकच असतात, आणि पहिल्या सेटला ही मर्यादा फायद्याचीच आहे. आठ ट्रॅकमध्ये जे जमलं नाही ते चाळीसमध्येही जमत नाही.

ऑक्टापॅड उसना मिळाला तर सोनं. मागच्या मिडी आउटमधून तो इंटरफेसला जोडा, म्हणजे पॅडवर मारलेली थाप तुमच्या यंत्रातला कोणताही आवाज वाजवेल. बहुतेक पॅड चॅनल १० वर नोट पाठवतात, ३६ म्हणजे किक आणि ३८ म्हणजे स्नेअर. पण बँडवाल्याने आपले सेट बदलून ठेवलेले असतात, तेव्हा कोणता पॅड कोणती नोट पाठवतो हे एकदा वहीत लिहून घ्या. त्याचा सेट मिटवू नका. मोकळ्या जागी नवा करा.

लॅपटॉपवर पॅडने वाजवायचं असेल तर बफर (आवाज बाहेर सोडण्याआधी लॅपटॉप साठवतो तो तुकडा) १२८ सॅम्पल ठेवा. ४४.१ किलोहर्ट्झला हा उशीर साधारण ३ मिलिसेकंद होतो. प्लगइन, इंटरफेस आणि मिडीचा उशीर मिळून तो ८-१० पर्यंत जातो, तरी हाताला कळत नाही. बफर ५१२ केला की एकट्या बफरचेच ११-१२ मिलिसेकंद होतात, आणि चांगला पॅडवाला लगेच ‘मागे पडतंय’ म्हणतो.

आवाज कुठून आणायचे

विकतच्या सॅम्पल पॅकमधले टाळी-किक जगभर तेच असतात. आपल्याकडे कापसाचं जिनिंग आहे, डाळ मिल आहे, भुसावळचं रेल्वे यार्ड आहे, सावदा-रावेरला केळीच्या गाड्या भरताना होणारी ठोकाठोक आहे. मोबाइलवर वेव्ह फॉरमॅट आणि ४८ किलोहर्ट्झ लावा, मीटर उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. वारा असेल तर माइकवर स्वच्छ सुती मोजा चढवा. मिलमध्ये आत जायला मालकाची परवानगी लागतेच.

एक उदाहरण बारकाईने पाहू. कळण्याची भाकरी थापताना आवाजात दोन थर असतात, तळहाताची मऊ थाप आणि तिच्याखाली परातीचा कण्. फोन परातीपासून दीड हातावर, बाजूला ठेवा. समोर ठेवला तर पीठ बसतं. पंखा बंद करा. वीस-तीस थापा घ्या आणि त्यातल्या सारख्या वाटणार नाहीत अशा पाच निवडा. प्रत्येक थाप अगदी तिच्या सुरुवातीला कापा. पुढे ५ मिलिसेकंद रिकामे राहिले तरी ठेका सैल वाटतो. १५० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, कारण तिथे फक्त ओट्याची घुमी असते. परातीचा कण् नको असेल तर शेपूट १२० मिलिसेकंदांवर मिटवा. हवा असेल तर ठेवा, पण मग तो कण् कोणत्या सुरात आहे ते ट्यूनरवर पाहून बेस त्या सुराशी जुळवा. पाचही थापा आलटून-पालटून वाजू द्या. एकच थाप सारखी वाजली की दोन मिनिटांत कान विटतो.

यंत्राच्या ठेक्याचा वेग काढायचा असेल तर चार ठोके किती सेकंदांत होतात ते मोजा आणि २४० ला त्याने भागा. २ सेकंद लागले तर १२० बीपीएम (मिनिटाला १२० ठोके), २.४ लागले तर १००. जिनिंगचा ठोका सहसा अगदी सरळ नसतो. तो सॉफ्टवेअरने ताणून सरळ करण्यापेक्षा सेटचाच वेग त्याच्याजवळ आणा. ताणलेला आवाज पाण्यात बोलल्यासारखा होतो.

सहा मात्रांची चाल वाजवायची असेल तर १६ पायऱ्यांच्या सिक्वेन्सरमध्ये (ठेका पायरी-पायरीने वाजवणाऱ्या यंत्रात) पॅटर्नची लांबी १२ करा. इथे हमखास चूक होते. एक यंत्र १२ वर आणि दुसरं १६ वर, दोघांच्या पायरीचा वेग सारखा, मग दोन्ही पुन्हा एकत्र येतात ४८ पायऱ्यांनी. १२० बीपीएमला म्हणजे ६ सेकंदांनी. मधला वेळ ठेका सरकत राहतो. मुद्दाम केलं तर सुंदर, नकळत झालं तर वादक सम शोधत बसतो. तसं नको असेल तर १२ वाल्या यंत्राची पायरी ट्रिपलेटवर ठेवा, म्हणजे बाराच्या बारा पायऱ्या एका बारमध्ये बसतात आणि दर बारला सम मिळते.

जोडणी, इथेच जास्त सेट बुडतात

साउंडवाल्याकडे लॅपटॉपसाठी एक केबल असते, एका टोकाला ३.५ मिलिमीटरची स्टिरिओ पिन आणि दुसऱ्याला पी-३८ (जाड जॅक) किंवा कॅनन (तीन पिनचा एक्सएलआर). त्यातली एक जात घातक आहे, ती म्हणजे स्टिरिओ पिनपासून एकाच कॅननला जाणारी. लॅपटॉप डावा-उजवा आवाज पाठवतो. मिक्सरचा बॅलन्स्ड इनपुट मात्र त्या दोन तारांना एकाच आवाजाच्या सुलट-उलट प्रती समजतो आणि एकातून दुसरी वजा करतो. किक, बेस, गायकी, जे जे मधोमध असतं ते दोन्ही बाजूंना सारखंच असतं, म्हणून तेच नाहीसं होतं. मागे उरतो फक्त रिव्हर्ब (घुमारा) आणि कडेचे आवाज. ‘बेस उडाला, ॲम्प गेला’ म्हणून अर्धा तास ॲम्प तपासला जातो आणि दोष केबलचा असतो. इंटरफेसच्या डाव्या-उजव्या आउटपुटमधून दोन वेगळ्या केबल घ्या आणि दोन चॅनलमध्ये लावा. या दोन केबल आपल्या घरून न्या.

दुसरी गोष्ट मोनोची. पुष्कळ ठिकाणी दोन्ही टॉप एकाच सिग्नलवर चालतात. हेडफोनवर रुंद पसरलेला सिंथ (सिंथेसायझर) तिथे पातळ होतो किंवा गायब होतो. घरीच मास्टरवर मोनोचं बटण दाबून पूर्ण सेट ऐका. जे मोनोत मरतं त्याचा पसारा कमी करा. १२० हर्ट्झच्या खाली सगळं मधोमधच ठेवा.

आता घूं आवाज. लॅपटॉप जोडला की स्पीकर घुमतो, आणि लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की झिणझिण येते. चार्जरमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून अगदी थोडा करंट झिरपत असतो. अर्थिंग असेल तर तो तिकडून जातो. नसेल, किंवा चार्जर दोन पिनचा असेल, तर ऑडिओ केबलच्या जाळीतून मिक्सरकडे वाट काढतो. तपासणी सोपी आहे, चार्जर उपसा. आवाज गेला तर दोष तोच. तिथे डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये बसणारी जोडणीची डबी) लावून त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. तो नसेल तर सेटभर लॅपटॉप बॅटरीवर चालवा. छोटे सिंथ सेलवर चालत असतील तर तेही सेलवरच घ्या. कॉर्ग कंपनीच्या व्होल्का या छोट्या सिंथला सहा डबल-ए सेल लागतात आणि घूं अजिबात येत नाही. चार्जर उपसूनही आवाज राहिला तर केबल दिव्यांच्या वायरीला समांतर गेली आहे का पाहा. वेगळी करा, किंवा काटकोनात ओलांडू द्या.

आवाज जावा म्हणून प्लगची अर्थिंगची पिन तोडणं हा आपल्याकडचा लाडका उपाय. तो करू नका. ॲम्पमध्ये बिघाड झाला तर फेज थेट मिक्सरच्या अंगावर येते, आणि तुमचा हात त्याच मिक्सरवर असतो.

वीज

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी इलेक्ट्रिशियनला घेऊन बोर्ड तपासा. मल्टिमीटरवर फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. फेज-अर्थला शंभर-सव्वाशे दिसलं तर अर्थिंग नावालाच आहे. मिक्सर, लॅपटॉप, सिंथ सगळं एकाच बोर्डवरून घ्या. दिवे, कूलर आणि पाण्याची मोटर दुसऱ्या लाइनवर. कूलर चालू-बंद होताना ‘टक’ असा आवाज स्पीकरमध्ये येतो तो सामायिक लाइनमुळे.

लाइट जाणारच हे धरून चला. जनरेटर सुरू होऊन लाइन बदलेपर्यंत अर्धा मिनिट सहज जातं. मिक्सर आणि इंटरफेस ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसवर ठेवा, ॲम्प त्यावर लावू नका, पहिल्याच किकला यूपीएस बसेल. अंधार झाला की सिक्वेन्सर थांबवू नका, फक्त मास्टर खाली ओढा. वीज आल्यावर साउंडवाला ॲम्प चालू करेल, तोवर सिंथचा फिल्टर (आवाज झाकणारा-उघडणारा नॉब) पूर्ण बंद करून ठेवा आणि आवाज आला की हळूहळू उघडत परत या. थांबवून पुन्हा सुरू केलं तर बिघाड वाटतो, असं परत आलं तर लोक टाळ्या वाजवतात. चालू करताना ॲम्प सर्वांत शेवटी, बंद करताना सर्वांत आधी. हा क्रम चुकला की जो धप्प आवाज येतो त्याने बेसची कॉइल जाऊ शकते.

ऊन आणि तिथी

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो, आणि लॅपटॉप बनवणारे साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेची हमी देतात. तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि आवाजात चर्र-चर्र सुरू होते. सॉफ्टवेअर बिघडलं असं वाटतं, पण ते बिघडलेलं नसतं. जड सिंथचे ट्रॅक आधीच फ्रीझ करा (तयार आवाज म्हणून साठवा), लॅपटॉप दोन इंच उचलून ठेवा, बाजूने टेबल फॅन लावा. कूलरची ओली हवा यंत्रावर घेऊ नका. ॲनालॉग सिंथ गरम हवेत सुरातून घसरतो. अर्धा तास आधी चालू करून ठेवा, तापमान बसलं की सूर मिळवा आणि मग ताबडतोब पंखा फिरवू नका. वाजवत नसाल तेव्हा फेडरवर सुती कापड टाकून ठेवा. आपल्याकडची धूळ फेडरमध्ये गेली की खर्र आवाज कायमचा.

तारीख निवडताना पंचांग बघा. लग्नतिथीला हॉल मिळत नाही आणि साउंडवाला फोन उचलत नाही. चातुर्मासात हॉल रिकामे असतात, भाव करता येतो. फक्त नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी मिरवणुका असतात, त्या दोन दिवशी बँड आणि साउंड दोन्ही गुंतलेले. गणपती, नवरात्र सोडाच. पितृपक्षात सगळं मोकळं असतं, पण तेव्हा घरच्यांची समजूत काढावी लागते.

हॉल

मंगल कार्यालयात गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, उंच छत, म्हणजे आवाज घुमणारच. घरी केलेला रिव्हर्ब तिथे निम्म्याहून कमी करा, हॉल आपला घालतोच. किकचं शेपूट आखूड ठेवा. २०० ते ४०० हर्ट्झमध्ये तीन-चार डेसिबल कापा, चिखल तिथेच साचतो. १३० बीपीएमच्या पुढे ठोके एकमेकांवर चढतात. अशा हॉलला १०५ ते १२० चांगलं. मंडपवाल्याकडून मागच्या भिंतीला जाड पडदे बांधून घ्या आणि खुर्च्यांऐवजी गाद्या घाला. माणसं बसल्यावर हॉल आणखी सुधारतो, म्हणून रिकाम्या हॉलमध्ये ऐकून निराश होऊ नका. पत्र्याच्या शेडमध्ये प्रश्न वेगळा, तिथे पत्रा झिणझिणतो. एकच किक वाजवत ठेवून तिचा सूर हळूहळू ४५ पासून ७० हर्ट्झपर्यंत न्या, पत्रा कुठे ओरडतो ते कळेल. तेवढीच पट्टी इक्वलायझरवर खाली करा.

दोन बेस आले असतील तर स्टेजच्या दोन टोकांना ठेवू नका. ६० हर्ट्झच्या लाटेची लांबी पावणेसहा मीटर असते. दोन ठिकाणांहून आलेल्या लाटा हॉलमध्ये काही जागी जुळतात, काही जागी एकमेकींना खातात. एका गादीवर छातीत धडधड आणि शेजारच्या गादीवर काहीच नाही, असं होतं. दोन्ही मध्यभागी, जमिनीवर, एकमेकांना चिकटवून ठेवा.

मिक्सरवर आधी सगळे इक्वलायझर सपाट करायला सांगा. लग्नाच्या हिशोबाने बेस आणि ट्रेबल चढवून ठेवलेले असतात. नुसती किक सोडा, चॅनलचा गेन मीटर शून्याजवळ येईपर्यंत वाढवा, मग मास्टर. तुमच्या यंत्राचा मास्टर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, वरची जागा साउंडवाल्याला लागते. मॉनिटरची, म्हणजे तुमच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरची, गरज नाही असं तो म्हणेल. आग्रह धरा. दहा मीटरवरच्या स्पीकरचा आवाज २९ मिलिसेकंदांनी येतो, त्यावर पॅड वाजवला की हात मागे पडत जातो.

बंद हॉल असला तरी पोलीस ठाण्यात अर्ज द्या. ध्वनिप्रदूषण नियम २००० चे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, आणि रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ तर रात्री ४५ डेसिबल आहे. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या १०० मीटरच्या आत आणखी कमी. संध्याकाळी ७ ला सुरू करून ९ ला संपवा. आत बसणाऱ्यांच्या कानांचंही पाहा. ९४ डेसिबलला एक तास आणि १०० ला पंधरा मिनिटं हे सुरक्षिततेचं गणित आहे. दारात फोमचे इअरप्लग ठेवा, फुकट.

सेट बांधणं

चाळीस मिनिटं, पाच तुकडे, प्रत्येकी आठ मिनिटं. आठ नॉबपैकी प्रत्येकाला एकच काम द्या, आणि ते काम शेवटच्या गादीवर ऐकू आलं पाहिजे. बेसचा फिल्टर, टाळीचा डिले (प्रतिध्वनी), ठेक्याचा म्यूट, जिनिंगच्या तुकड्याची लांबी, अशी. नॉब फिरवला आणि हॉलमध्ये कुणाचीही मान हलली नाही, तर ते काम यंत्रावर सोपवा आणि नॉब मोकळा करा. १२० बीपीएमला १६ बार म्हणजे ३२ सेकंद. एवढ्या वेळात काही ना काही बदललं पाहिजे, पण एका वेळी एकच. डिलेचा वेळ पाऊण ठोक्याच्या हिशोबाने, ३७५ मिलिसेकंद ठेवला तर तो ठेक्यात डुलतो.

हात दिसले पाहिजेत. टेबल प्रेक्षकांकडे थोडं कललेलं ठेवा, किंवा वर मोबाइल बांधून प्रोजेक्टरवर हात दाखवा. लॅपटॉपची पाठ लोकांकडे असेल तर पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी म्हणणारच, ‘भाऊ, गानं कव्हय लावशी?’

पहिला तुकडा ओळखीच्या आवाजाने उघडा. भाकरीची थाप एकटी, मग दोन, मग त्याखाली बेस. लोकांना हे काय आहे ते ओळखायला वेळ मिळतो आणि ओळखलं की ते तुमच्या बाजूला येतात.

आधी काय ऐकवायचं

सेटआधी पंधरा मिनिटं नुसतं ऐकवण्याचा रिवाज ठेवावा. बँजो-पॅडवर वाढलेल्या कानाला चरणजित सिंग ऐकवा. मुंबईच्या या वादकाने १९८२ साली रोलंड कंपनीची टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. तेव्हा शिकागोत ॲसिड हाउस ही नृत्यसंगीताची शैली जन्मायला अजून काही वर्षं होती. भजन-तानपुऱ्याच्या माणसाला हे झेपणार नाही. त्याला अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेतलं मूग सिंथेसायझरवरचं काम ऐकवा, १९६९ पासूनचं. जळगावहून सुरत लाइनने जिथे जाता येतं तिथे हे झालं, हे सांगायला विसरू नका. क्राफ्टवर्क हा जर्मन इलेक्ट्रॉनिक बँड सगळ्यांना चालतो, पण शेवटी ठेवा, नाहीतर तुमच्या सेटची तुलना त्याच्याशी होते.

सेट मिक्सरच्या रेकॉर्ड आउटमधून उतरवून घ्या आणि एक फोन हॉलच्या मागच्या भिंतीजवळ ठेवून वेगळं रेकॉर्डिंग करा. दुसऱ्या दिवशी दोन्ही एकत्र ऐका. मिक्सरमध्ये जे ऐकू येतं आणि मागच्या फोनमध्ये येत नाही, त्याचा ट्रॅक पुढच्या वेळी काढून टाका.